गिफ्ट कुणासाठी, संकल्प कुणासाठी?

डिसेंबर संपता संपता या सदरासाठी जी पत्रं आणि मेसेज आले त्यात निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीभोवती फिरणारे होते. संक्रांतीला मुलांकडून काय बनवून घ्यायचं, सण कसे करायचे आणि नवीन वर्षाचं काय ठरवायचं. शाळेत जाणाऱ्या मुलांना भेटकार्ड बाई करायला लावतात, गॅदरिंग असतं, वर्ष कधी सुरू झालं आणि कधी संपलं ते आपोआप कळतं. घरी शिकणाऱ्या पोरांच्या घरात हे सगळं आईबापाच्या डोक्यावर येऊन पडतं, त्यामुळे प्रश्न पडणारच. माझी थोरली पंधराची, धाकटा अकराचा, सहा वर्षं झाली दोघं घरीच शिकतायत, तेव्हा उत्तरं आमच्या घरात जे घडलं त्यातूनच देतेय. चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न : ताई, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. होमस्कूलिंगचं आमचं दुसरं वर्ष. दर संक्रांतीला मुलं सगळ्या नातेवाईकांना हाताने बनवलेलं काहीतरी देतात. गेल्या वर्षी मुलगी तीन आठवडे बसून बाटल्या रंगवत होती, चौदा बाटल्या केल्या. दिवाळीत नणंदेकडे गेलो तर त्यातली एक बाथरूममध्ये फिनेल भरून ठेवलेली. मुलगी तिथे काही बोलली नाही, पण आता म्हणते मी काही करणार नाही, विकतचंच देऊया. काय करू? (राजारामपुरी)

उत्तर : ताई, ती तिथे काही बोलली नाही हे वाचून मला जास्त वाईट वाटलं. रडली असती तर बरं झालं असतं. आधी एक सांगते, यावर्षी तिला नाही म्हणू दे. हाताने बनवायचंच असा घरचा नियम केलात तर ती गिफ्ट न राहता गृहपाठ होतो. आणि नणंदेला तिच्यासमोर काही विचारू नका, त्यांनी मुद्दाम केलेलं नसणार, त्यांना रिकामी बाटली दिसली आणि वापरली.

पण चौदा बाटल्या हा आकडा वाचून मला आमचंच आठवलं. थोरली नऊ वर्षांची असताना तिने कागदाच्या पट्ट्या गुंडाळून कानातली बनवली, सगळ्या बायकांना एकाच साच्याची, अगदी माझ्या सासूबाईंनासुद्धा, ज्यांनी लग्नापासून कानातल्या कुड्या कधी काढल्या नाहीत. त्यांनी कौतुक केलं आणि डबीत ठेवून दिली, ती डबी पुन्हा उघडलीच नाही. पोरीने नंतर मला विचारलं, आजीला आवडली नाहीत काय? तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही काय बनवायचं ते आधी ठरवलं होतं आणि ते कुणाला द्यायचं हे नंतर. चूक माझी होती, तिची नव्हे.

पुढच्या वर्षी उलट केलं. शंभर पानी वही घेतली आणि एका माणसाला एक पान दिलं. हा माणूस सकाळी उठून काय करतो, त्याला काय अवघड जातं, काय खायला आवडतं, असं ती दोन महिने येता जाता लिहीत होती, कधी फोनवर बोलताना, कधी जेवताना. आजोबांच्या पानावर एकच ओळ होती, 'चष्मा सापडत नाही, रोज ओरडतात.' मग तिने सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचा काठ घेऊन चष्म्याचं घर शिवलं, आतून मऊ फ्लॅनेल लावलं आणि वर एक नाडी, खाटेजवळच्या खिळ्याला अडकवायला. शिवण वाकडी होती, एका बाजूने दोरा सुटायचा, पण पाच वर्षं झाली ते तिथेच लटकतंय. मामा रात्रपाळीला असतो, त्याच्या पानावर 'पहाटे तीनला भूक लागते' असं होतं, तर त्याला भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि गुळाचे खडे अशा दहा पुरचुंड्या बांधून दिल्या. आठ दिवसांत संपल्या आणि त्याने अजून मागितल्या. संपली ती गिफ्ट सगळ्यात चांगली, हे मी आता प्रत्येक आईला सांगते.

म्हणून चौदा नको, चारच माणसं धरा. बाकीच्यांना तिळगूळ पुरे. आणि तिळगुळाचं म्हणाल तर आपण कोल्हापुरात राहतो, आत्ता गुऱ्हाळं जोरात चालू आहेत, सातवर्षाच्या पोराला घेऊन एकदा पहाटे जाऊन या. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस उकळतो, वरची मळी काढतात, गूळ होण्याआधीच्या टप्प्याला काकवी काढून घेतात, हे त्याने डोळ्यांनी बघू दे. तिथली काकवी घरच्या बाटलीत भरून पुण्या-मुंबईच्या नातेवाईकांना द्या, लेबल त्याने लिहावं, कोणत्या गावची, कोणत्या तारखेची. भाकरीबरोबर खाणारा माणूस ती बाटली फिनेलला ठेवत नाही. लाडवाला मात्र चिक्कीचा गूळ घ्या, साधा नको. पाक झाला की नाही ते बघायला थेंब गार पाण्यात टाकायचा आणि ती गोळी ताटलीवर टाकून आवाज ऐकायचा, टण्ण वाजली की तीळ घालायचे. हे काम सात वर्षांच्या मुलाला फार आवडतं, फक्त पाकाच्या भांड्यापासून लांब बसवा, पाकाचा चटका तेलापेक्षा वाईट, तो चिकटून बसतो.

तुमच्या मुलीला खरंच हात लावायची इच्छा परत झाली तर तिला हलवा करायला बसवा, आणि तोही घरात कुणाचं नवीन लग्न झालं असेल किंवा कुणाच्या बाळाची पहिली संक्रांत असेल तरच, त्या एका माणसासाठी. हलव्यासारखी संथ गोष्ट दुसरी नाही. साखरेत पाणी घालून उकळी आली की चमचाभर दूध टाकायचं, मळी वर येते ती काढायची, एकतारी पाक करायचा. परातीत तीळ किंवा साबुदाणा घेऊन परात अगदी मंद आचेवर ठेवायची, चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं, तो सुकला की पुढचा चमचा, तो सुकला की पुढचा. असं पहिल्या दिवशी दोन-तीन तास करून नुसते पांढरे दाणे होतात. काटे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसायला लागतात, आणि त्याला कोरडी थंडीच लागते. हवा दमट असली की दाणा गुळगुळीत राहतो, कितीही हलवा. आम्ही पहिल्यांदा केला तेव्हा तीन दिवस ढगाळ होतं आणि एक काटा आला नाही. पोरांनी तोच गुळगुळीत हलवा ओवून आतेबहिणीच्या बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट केला. बाळाने तो लगेच तोंडात घातला.

प्रश्न : आमच्या घरात प्रत्येक सणाचा प्रोजेक्ट होतो. बेंदराला मातीचे बैल केले की लगेच बैलांच्या जातींचा चार्ट, नागपंचमीला सापांची वही, दिवाळीच्या किल्ल्याला मोजमाप आणि स्केल. आठ वर्षांचा मुलगा परवा मला म्हणाला, 'बाबा, संक्रांतीला पण अभ्यास असणार काय?' मिसेसना सांगायला गेलो तर त्या म्हणतात, नाहीतर लोक म्हणतील पोरगं घरात नुसतं खेळतंय. (कसबा बावडा)

उत्तर : दादा, वहिनींवर चिडू नका. घरी शिकवणाऱ्या आईला रोज कुणीतरी विचारत असतं, आज काय शिकवलं, आणि तिला दाखवायला काहीतरी हातात लागतं. हा प्रश्न बापाला फार कमी लोक विचारतात. त्यामुळे पहिलं काम तुमचं, पुढच्या वेळी पाहुण्यांनी विचारलं की उत्तर तुम्ही द्या.

आता सणाचं. आम्ही धाकटा सात वर्षांचा असताना त्याला अंबाबाईच्या किरणोत्सवाला नेलं. नुसतं नेलं. गर्दीत तासभर उभा राहिला, कडेवर घ्या म्हणाला, मावळतीची किरणं आत आली तेव्हा सगळे हात जोडून उभे होते आणि तोही उभा राहिला. मी एक शब्द बोलले नाही. सांगावंसं फार वाटत होतं, ओठावर आलेलं परत गिळलं. तीन वर्षांनी एका दुपारी तो कॅलेंडर घेऊन माझ्याकडे आला, 'आई, नोव्हेंबरमध्ये ९, १०, ११ ला असतो आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला, मग सूर्य दोनदा एकाच जागी कसा मावळतो?' मग बसून दिवस मोजले. १० नोव्हेंबरपासून २२ डिसेंबर बेचाळीस दिवस, तिथून १ फेब्रुवारी एक्केचाळीस. डिसेंबरच्या त्या दिवसापर्यंत सूर्य मावळताना रोज थोडा दक्षिणेकडे सरकतो आणि तिथून त्याच वाटेने परत येतो, म्हणून दोन्ही बाजूंना जवळपास सारखं अंतर. पहिल्या दिवशी किरणं चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, हेही त्यानेच आठवून सांगितलं. त्या संध्याकाळी मी सगळं समजावून सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि प्रश्न तिथेच संपला असता असं मला खरंच वाटतं.

म्हणून आमच्याकडे सणादिवशी वही निघत नाही. आठ दिवसांनी प्रश्न आला तर चांगलं, तीन वर्षांनी आला तरी चांगलं. वहिनींना मी सुचवेन की पुराव्याची वही त्यांनी स्वतःसाठी ठेवावी, रविवारी रात्री दहा मिनिटं, या आठवड्यात मुलाने काय काय केलं आणि काय विचारलं ते लिहून काढायचं, मुलाला त्यात ओढायचं नाही. दोन महिन्यांनी ती वही वाचली की त्यांची भीती निम्मी कमी होईल. आणि यावर्षी भोगीदिवशी त्याला बाजरीच्या भाकरीवर तीळ थापायला बसवा, भाकरी फाटली तर फाटू दे, गरम गरम भोगीच्या भाजीबरोबर खाऊ दे, बाकी काही नको.

प्रश्न : गेल्या जानेवारीत आम्ही तिघांनी मिळून भिंतीवर गोल्सचा चार्ट केला. मुलीचे बावीस गोल होते. रोज इंग्लिश वाचन, पाढे तीसपर्यंत, सूर्यनमस्कार, चित्रकला, मोबाईल कमी, असे. फेब्रुवारीत एकही चालू नव्हता आणि चार्टकडे बघून मलाच अपराधी वाटायचं, शेवटी कॅलेंडर लावून झाकला. यावर्षी करावं का नाही? (इचलकरंजी)

उत्तर : करा, पण चार्ट काढून टाका. बावीस गोल मुलीचे होते असं तुम्ही लिहिलंय, खरं सांगा, मोबाईल कमी हा गोल दहा वर्षांच्या मुलीने स्वतः लिहिला होता काय?

वर मी गिफ्टबद्दल जे लिहिलं तेच मला इथेही म्हणायचंय. शाळेतल्या मुलाचा पाढा बाई ऐकते, चित्र वर्गात लागतं, कविता गॅदरिंगला म्हणायची असते, बरी वाईट कशीही, पण त्याची वाट बघणारं कुणीतरी असतं. आपल्या पोरांना तो वर्ग नाही. मग संकल्प हवेत राहतो आणि आठ दिवसांत विरून जातो. म्हणून आमच्या घरी एकच अट आहे, संकल्प लिहिताना त्याच्यापुढे एका माणसाचं नाव पाहिजे, ज्याला त्याचा उपयोग आहे किंवा जो त्याची वाट बघतोय. 'इंग्लिश वाचन रोज' याच्यापुढे नाव काय लिहाल? 'शेजारच्या बालवाडीतल्या पोरीला दर शनिवारी एक गोष्ट वाचून दाखवणार' असं केलं की शनिवारी ती पोरगी दार वाजवते, आणि आईला मागे लागावं लागत नाही.

थोरलीने दोन वर्षांपूर्वी मोडी शिकायचं ठरवलं ते तिला लिपी आवडते म्हणून नाही. सासऱ्यांच्या पेटीत त्यांच्या आजोबांचे कागद होते, घरात कुणालाच वाचता येत नव्हते. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे ढीग आहेत आणि आपल्या घरातल्या चार कागदांपुढे आपण अडाणी. सासरे रोज संध्याकाळी विचारायचे, 'किती ओळी झाल्या गं?' सगळी अक्षरं एकमेकांना जोडलेली, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही, नुसती तारीख लावायला तिला आठ दिवस लागले. आठ महिन्यांनी पहिला कागद पूर्ण लागला. बैलजोडीसाठी घेतलेल्या उसन्या पैशाचा होता तो. सासऱ्यांनी तो तीन वेळा वाचून घेतला तिच्याकडून. त्यांनी विचारलं नसतं तर ती पहिल्या महिन्यातच थांबली असती, ती स्वतः सांगते.

दुसरं, अख्ख्या वर्षाचं ठरवू नका. १ जानेवारी २०२६ ला गुरुवार आहे आणि गुढीपाडवा १९ मार्चला, तोही गुरुवार, मधे बरोबर अकरा आठवडे, सत्त्याहत्तर दिवस. एवढाच पल्ला धरा. पाडव्याला जुन्या काळी शाळेत पाटीपूजन व्हायचं, पाटीवर एक एक असे आकडे मांडून सरस्वती काढायची, हळदकुंकू, फूल वाहायचं, मुलांना खाऊ. आमच्या आईच्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं नाव शाळेत पाडव्यालाच घातलेलं असायचं. शाळा सोडली तरी हा सण मला सोडवला नाही, म्हणून आम्ही तो घरी घेतला. आमचे संकल्प चार्टवर नसतात, पाटीवर असतात. एका पाटीवर एक माणूस, एक ओळ. पाडव्याला सकाळी सगळ्यांच्या पाट्या मांडतो, झालं असेल तर ज्याच्यासाठी केलं त्याने ते पुसायचं, नसेल झालं तर ज्याचं त्याने पुसायचं, कुणी कुणाला का म्हणून विचारायचं नाही. मग स्वच्छ पाटीवर सरस्वती आणि नवीन ओळ. पाटी पुसता येते ना, चार्ट पुसता येत नाही, तुम्हाला तो झाकावा लागला.

आणि ताई, तुमची पाटी पाहिजेच. माझ्या पाटीवर मागच्या वर्षी सायकल होती, नाव धाकट्याचं, कारण त्याला रंकाळ्यावर सकाळी सायकलवरून जायला सोबत हवी होती आणि मला चाळिशी उलटली तरी येत नव्हती. तोच शिकवायचा, मागून सीट धरून पळायचा, पडले की पोरं हसायची आणि तो त्यांना रागवायचा. मला न जमताना त्याने जितकं जवळून बघितलं तितकं दुसरं काही बघितलं नसेल. त्यानंतर त्याचं स्वतःचं गणित चुकलं की वही फेकणं कमी झालं.

प्रश्न : बाई, मला लिहायला येत नाही, शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलंय. माझी दोन नातवंडं शाळेत जात नाहीत, लेक आणि जावई घरीच शिकवतात. गल्लीत बायका विचारतात, शाहू महाराजांच्या गावात पोरं शाळेबाहेर कशी? मला उत्तर देता येत नाही. हे कायद्यात बसतं का, पुढे दहावीचं काय? आणि सगळे त्यांना काहीतरी शिकवतात, मी अडाणी, मी नवीन वर्षाचं त्यांना काय देऊ? (शिवाजी पेठ)

उत्तर : आजी, गल्लीतल्या बायकांचा प्रश्न चुकीचा नाही. महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, तेव्हाचा रुपया म्हणजे केवढा. ते कुणासाठी होतं, तर ज्यांच्या घरात अक्षर पोचलंच नव्हतं त्यांच्यासाठी. माझ्या पणजीपर्यंत ते पोचलं नाही आणि आजीपर्यंत पोचलं, म्हणून मी आज हे लिहितेय. त्यामुळे ज्या घरात पोरं शाळेत जात नाहीत त्या घरावर जबाबदारी जास्त आहे, कमी नाही. पोरं रोज खरंच शिकतायत का एवढं तुम्ही बघा, आणि शिकत असतील तर बायकांना ताठ मानेने सांगा.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. त्यात मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, पण पालकांना दंड किंवा शिक्षा लिहिलेली नाही. घरी शिकवण्याबद्दल वेगळं कलम नाही. दहावीला दोन वाटा आहेत, एनआयओएस म्हणजे केंद्राची मुक्त शाळा, तिथे वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, आणि दुसरी आपल्या राज्य मंडळाची, बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरतात ती. लेकीला सांगा, आधीचे दाखले असतील ते जपून ठेव आणि अटी वर्षभर आधी बघून घे.

आता तुम्ही काय द्यायचं. तुम्ही मसाला द्या. उन्हं तापली की मिरच्या येतील, ब्याडगी रंगाला किती, संकेश्वरी तिखटाला किती, धणे, खोबरं, तीळ, कांदा कापून उन्हात किती दिवस, लसूण कधी, हे सगळं तुमच्या हाताला माहितेय आणि कुठेच लिहिलेलं नाही. यावर्षी नातवंडांना जवळ बसवा, तुम्ही मूठ भरून टाका आणि त्यांनी ती मूठ तराजूवर मोजून वहीत लिहावी. त्या वहीच्या पहिल्या पानावर तुमचं नाव पाहिजे, आणि ते तुम्ही लिहायचं. मोठ्या नातीला सांगा, तिची पाडव्यापर्यंतची पाटी हीच, आजीला नाव लिहायला शिकवायचं. रोज रात्री जेवणं झाली की पंधरा मिनिटं बसा दोघी. खडूपेक्षा पाटीवरची पेन्सिल बोटात नीट बसते, आणि सुरुवात तुमच्या नावातल्या सगळ्यात सोप्या अक्षराने करा, पहिल्याच अक्षराने केली पाहिजे असं काही नाही. मिरच्या मात्र मार्च संपायच्या आत घेऊन ठेवा, देठं काढायला दोन दुपारी लागतात, ते काम धाकट्या नातवाला द्या, आणि त्याला डोळ्याला हात लावू देऊ नका.